शेकाचे दिवस चुकले तर ते भरून मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅन्सरवर नवीन औषध आलं की पेपरात लगेच बातमी येते, ते चांगलंच आहे, पण तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये पेशंटचं पुढे काय होणार हे ज्या साध्या साध्या गोष्टींवर ठरतं त्यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या मोठ्या भावाला जिभेचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं आणि मग ६ आठवड्यांत ३० वेळा शेक म्हणजे रेडिएशन घ्यायचं ठरलं.

ते संपायला साडेआठ आठवडे लागले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं, साधं पाणी गिळायचं तरी जीव जायचा, दादा म्हणाला चार दिवस दम खातो, आम्हीही म्हटलं खाऊ दे, शेक काय नंतर पण घेता येईल. मग मशीन बंद पडलं, मग सुट्ट्या आल्या, दरवेळी एवढंच सांगितलं की उरलेले पुढे ढकलले, आणि आम्हाला वाटत राहिलं की ३० चा आकडा भरला म्हणजे काम झालं.

तसं नसतं हो! या कॅन्सरच्या ज्या पेशी शेकातून वाचतात त्या साधारण चौथ्या आठवड्यापासून जास्त जोरात वाढायला लागतात, म्हणजे ट्रीटमेंट जितकी लांबते तितका डोस या नवीन पेशी मारण्यातच खर्च होतो. एक दिवस लांबला की आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण १ टक्क्याने, कधी थोडी जास्तच कमी होते. डेन्मार्कमध्ये जवळपास दीड हजार पेशंटवर केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्यांना डोस सारखाच होता पण अर्ध्या लोकांना आठवड्यात ५ ऐवजी ६ वेळा शेक दिला, त्यांचा एक आठवडा आधी संपला, आणि ५ वर्षांनी त्या जागेचा आजार आटोक्यात असलेले लोक ६० ऐवजी ७० टक्के निघाले. एका आठवड्याने एवढा फरक पडतो आणि आमचे अडीच गेले.

दातांचंही तसंच. खराब दात शेकाच्या आधीच काढायचे असतात, कारण नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, आणि जखम सुकायला वेळ द्यावा लागतो. आमच्याकडे हे उशिरा लक्षात आलं. ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा होता, तोही मुहूर्त त्यात हुकला.

आणि सिगरेट. दादा लपून ओढायचा, आम्हाला कळायचं, पण आजारी माणसाला काय बोलायचं म्हणून गप्प बसलो. धुरामुळे रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि ऑक्सिजन कमी असलेल्या गाठीवर शेक नीट लागू पडत नाही. १९९३ च्या एका अभ्यासात शेक चालू असताना ओढणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली, न ओढणाऱ्यांमध्ये ७४ टक्क्यांची. हे वाचल्यापासून मला ते गप्प बसणं फार लागतं.

स्टेज काय, मानेतल्या गाठी फुटल्यात का, घशाचा कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळे झालाय का (तो ट्रीटमेंटला जास्त चांगला दाद देतो), हे आपल्या हातात नसतं. दादाच्या मानेत वर्षाच्या आत परत गाठ आली. ती दिवस चुकल्यामुळेच आली असं मी म्हणत नाही, एकाच माणसाबाबत ते कुणालाच सांगता येणार नाही.

पण चुकलेला दिवस भरून काढता येतो हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. शनिवारी शेक देतात, किंवा एकाच दिवशी निदान ६ तासांच्या अंतराने दोनदा देतात. ब्रिटनमध्ये तर अशा पेशंटची ट्रीटमेंट ठरल्यापेक्षा २ दिवसांहून जास्त लांबू द्यायची नाही अशी डॉक्टरांसाठी सूचनाच आहे. मशीन बंद पडलं तर काय करणार, वजन उतरायला लागलं तर नाकातून नळी कधी घालणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही यातलं काहीच विचारलं नाही.

पत्र जमेल तितक्या लवकर छापा ही विनंती, कुणाच्या तरी घरी आत्ता तिसरा आठवडा चालू असेल.

आपली,
एक वाचक