अप्पा, तुमची पत्रं जंकमध्ये सापडली

अॅमस्टरडॅम,
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी पडलीय, पण आईचा जाड स्वेटर अजून बॅगेतून काढावा लागलेला नाही. जेवणखाण, ऑफिस, सायकल हे दर रविवारी फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. गेल्या वेळी माझा चेहरा उतरलेला दिसला तो दिव्यामुळे. इथे आता पावणेपाचलाच अंधार पडतो. आजारी बिजारी काही नाही.

हे कागदावर का, असं अप्पा पाकीट फोडायच्या आधीच विचारतील. मेलवरचा माझा विश्वास सध्या जरा उडालाय आणि तुमचा माझ्यावरचा, म्हणून. आमच्या कोपऱ्यावरच्या केशरी पेटीला दोन फटी आहेत, एक इथल्याच पिनकोडांसाठी, दुसरी बाकी सगळ्या जगासाठी. म्हणजे पहिलं सॉर्टिंग गिऱ्हाइकाकडूनच करून घेतात. तुमच्या मिरजेच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, असं कुणी सुचवलं असतं तर युनियन बसली असती उपोषणाला.

शुक्रवारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अप्पांनी तुला मेल करायचं सोडलंय. मनू मोठी झाली म्हणतात." मी भांडलेच त्याच्याशी. म्हटलं, सप्टेंबरपासून अप्पांची एक ओळ आलेली नाही, आणि मोठी झाले मी? फोन ठेवला आणि सहज म्हणून जंकचा, म्हणजे नको असलेल्या मेलांचा, फोल्डर उघडला. तिथे होतात तुम्ही. वर कुणीतरी बिनतारण कर्ज देणारा, खाली गुडघेदुखीचं तेल, आणि मध्ये तुमचं "चि. मनू हिस अ. उ. आ." एकदा नाही, तीनदा.

मेल चाळणाऱ्या प्रोग्रामने घोटाळा केला असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण त्याला मीच शिकवलं, आणि कसं ते सांगितल्याशिवाय 'अँटी-स्पॅम टाकू का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

तुम्ही पाकिटावरचं वाचून खणात टाकायचात. ४१६ दिसलं की हात आपोआप त्या खणाकडे. वेलणकरांनी १९७२ साली सहा आकडी पिन आणला म्हणून हिंदी-कानडीतले पत्तेही सुटायला लागले, हे तुम्ही आम्हाला जेवताना शंभरदा सांगितलंय. आतलं पत्र वाचणं मात्र गुन्हा. मेल चाळणाऱ्या प्रोग्रामचं नेमकं उलट असतं. पाकिटावर खोटं नाव घालणं सोपं, त्यामुळे तो पाकीट बघतो पण त्यावर विसंबत नाही, आतलंच वाचतो. खण दोनच, हवं आणि नको. २००२ साली पॉल ग्रॅहम नावाच्या प्रोग्रामरने ही रीत लोकप्रिय केली. तुम्ही 'नको' म्हटलेल्या मेलांतले शब्द मोजायचे, 'हवं' म्हटलेल्यांतले मोजायचे. नवा मेल आला की त्यातले सगळ्यांत बोलके पंधरा शब्द घ्यायचे आणि पारडं कुठे झुकतं ते बघायचं. त्यातही त्याने चांगल्या मेलांतला शब्द दोनदा मोजला. नको असलेला मेल आत शिरला तर दोन सेकंद जातात. हवा असलेला बाहेर पडला तर काय होतं, ते पुढे येतंच.

आता माझा गुन्हा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझं नाव दोन विवाह मंडळांत घातलंत. रोज सकाळी सात-आठ मेल. पहिले दोन महिने मी उघडून बघत होते, खोटं नाही सांगत. मग नुसतं 'जंक' दाबायला लागले. ट्रॅममध्ये उभ्या उभ्या, एका अंगठ्याने. गोत्र जंक, नाडी जंक, पत्रिका जंक, निर्व्यसनी जंक, अपेक्षा जंक. प्रोग्रामने निमूट लिहून घेतलं. आणि सप्टेंबरात तुमचा मेल आला, "सोबत तीन मुलांच्या पत्रिका जोडत आहे, गोत्र वेगळे, नाडी वेगळी, तिघेही निर्व्यसनी." त्या बिचाऱ्याने दुसरं काय करायचं? शिवाय आला तो नव्या पत्त्यावरून. जुन्या खात्याचा पासवर्ड गेला म्हणून नवं काढलंय हे तुम्ही फोनवर सांगितलं होतंत, मान्य आहे. पण त्या आठवड्यात ऑफिसात काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत नाही. मेलच्या पत्त्यांच्या वहीत तो पत्ता घालायचा राहिला. घातला असता तर ओळखीच्या पत्त्याला प्रोग्राम हात लावत नाही.

दुसरा मेल आईच्या डोळ्याचा. त्यात गोत्र ना नाडी. पण अप्पा, तुम्ही नवा मेल कधी उघडत नाही, जुन्यावरच 'रिप्लाय' दाबून पुढे लिहिता. त्यामुळे "२९ तारखेस मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे, काळजी नसावी" या चार ओळींखाली ती तिन्ही मुलं उंची-पगारासकट उभी होती.

आई, मला ऑपरेशन माहीतच नव्हतं. त्या रविवारी फोनवर मला नुसता पंखा दिसत होता. तू नेहमी फोन असाच धरतेस, म्हणून मीही काही म्हटलं नाही. वीस मिनिटं मी तुला माझ्या नव्या खुर्चीबद्दल सांगत होते. तुला वाटलं असेल हिने वाचलं आणि साधं विचारलंही नाही. आणि तूही गप्प राहिलीस, हेही काही बरं केलं नाहीस. दादा म्हणाला आता स्वच्छ दिसतंय. थेंब वेळेवर घालतेस ना?

तिसरा मेल जीवन प्रमाणपत्राचा. "पेन्शन बंद होईल, खालील लिंक दाबा" असं आलेलं तुम्ही मला जसंच्या तसं पुढे पाठवून विचारलंत, "हे खरे का?" तो जंकमध्ये गेला यात मात्र प्रोग्रामचं काहीच चुकलं नाही. माझं उत्तर येईना म्हणून तुम्ही स्वतः पोस्टात जाऊन विचारून आलात, हे दादाकडून कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. त्याच मेलच्या तळाशी तुमचे दोन प्रश्न होते. तिकडच्या लोकांना असला कचरा येत नाही का? आणि कॉम्प्युटरवाला अडीच हजारांत 'अँटी-स्पॅम' टाकून देतो म्हणतोय, टाकू का?

येतो की. इथल्या लोकांना कागदी कचऱ्याचा तर इतका राग की त्यांनी त्याचं शास्त्र केलंय. पुष्कळ घरांच्या पत्रपेटीवर एक छोटा स्टिकर असतो. त्यावर दोन शब्द. 'नेय' म्हणजे नाही, 'या' म्हणजे हो. पहिला शब्द जाहिरातींच्या कागदांसाठी, दुसरा फुकट वाटतात त्या गल्लीच्या वर्तमानपत्रासाठी. 'नेय-नेय' असेल तर दोन्ही नकोत. 'नेय-या' असेल तर जाहिराती नकोत, पेपर चालेल. स्टिकरच नसेल तर देशात बहुतेक ठिकाणी तुम्हाला सगळं हवंय असं धरतात. पण अॅमस्टरडॅमने १ जानेवारी २०१८ पासून ते उलटं केलं. इथे स्टिकर नसेल तर जाहिराती टाकायच्याच नाहीत. ज्याला हव्यात त्याने 'या-या' चिकटवायचं. मग 'या-नेय' का नाही, असं दादा विचारेल. म्हणजे जाहिराती हव्यात, पेपर नको. तसा मी तरी पाहिलेला नाही. आणि गंमत म्हणजे लोक हे पाळतात. कागद वाटणारा पोरगा ढकलगाडी घेऊन येतो, आमच्या जिन्याखालच्या आठ पेट्यांसमोर उभा राहतो, एकेक स्टिकर वाचतो आणि एकाच पेटीत कागद टाकून निघून जातो. ती पेटी तळमजल्यावरच्या आजींची. त्यांनी 'या-या' लावलंय. ऑफरचे कागद त्या चष्मा लावून, पेन घेऊन वाचतात, आपल्याकडे दिवाळी अंक वाचतात तसे. नावानिशी आलेलं पत्र मात्र जाहिरात असलं तरी पेटीत पडतंच, त्याला स्टिकर लागू नाही. आपल्या गेटवर असलं काही लावून बघू नका, पोरं स्टिकरच काढून नेतील.

मेलसाठीही कायदा असाच आहे. २००२ च्या युरोपीय नियमाप्रमाणे सहसा आधी परवानगी, मग जाहिरात. अमेरिकेने २००३ साली उलटा केला, पाठवा, तो नको म्हणाला की थांबा. पण कचरा पाठवणारा पोरगा स्टिकर वाचत उभा राहत नाही. पहिला असा मेल ३ मे १९७८ चा, एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अमेरिकेतल्या अर्पानेट या इंटरनेटपूर्वीच्या जाळ्यावर सुमारे चारशे जणांना एकदम धाडला. तुम्ही खात्यात लागलात त्याच वर्षी. तुमची नोकरी संपली, त्याची चालूच आहे.

तर अप्पा, अडीच हजार देऊ नका. मी शनिवारी दिवसभर तेच बघत बसले होते. स्पॅमअसॅसिन नावाचं फुकट आणि चांगलं आहे, पण ते मेलच्या सर्व्हरवर बसवायचं, घरच्या कॉम्प्युटरवर नाही. त्याची परीक्षा उलटी, कचऱ्याच्या खुणांचे पाच गुण मिळाले की मेल नापास. चाळण्यांची एक जात सोसायटीच्या वॉचमनसारखी. अनोळखी मेल आला की पाठवणाऱ्यालाच उलट विचारते, कोण तुम्ही, आधी हे उत्तर द्या. विजेचं बिल पाठवणारं मशीन काय उत्तर देणार? आणि बंडूकाका तर रागावून आयुष्यात परत मेल करणार नाहीत. फुकटात सफाई करून देणारी अॅप्स आहेत, ती सगळ्या खात्याची किल्ली मागतात. तुम्ही कधी पोस्टाची लाख आणि शिक्का कुणाला उसना दिलात का? मग ही पण नको.

तुमचं नवं खातं जीमेलचं आहे, त्याला वेगळं काही लागत नाही. चाळणी त्यांच्याकडेच बसलेली आहे आणि ती तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कचरा बघते. दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना त्यांनी २०२४ च्या फेब्रुवारीपासून सहीशिक्क्याची सक्ती केलीय, म्हणजे मेल खरंच त्या पत्त्यावरून निघाला याचा पुरावा, आणि एका टिचकीत यादीतून नाव काढायची सोय. ती सोय ओळखीच्या दुकानांसाठी वापरा. अनोळखी मेलमधलं 'अनसबस्क्राइब' दाबू नका, त्याने फक्त इतकंच कळतं की इथे माणूस आहे. आणि शनिवारी एकदा स्पॅमचा फोल्डर उघडायचा. तिथलं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. चांगलं काही दिसलं तर 'स्पॅम नाही' दाबायचं. ते बटण दाबायचा कंटाळा केला की काय होतं ते बघितलंतच.

जुनं खातं परत उघडलंच आणि कॉम्प्युटरवर बघायचं असेल, तर थंडरबर्ड घ्या. फुकट आहे, आणि ते तुमच्या हाताखाली शिकतं. फक्त त्याला दोन्ही शिकवायला लागतं, नको ते आणि हवं तेही. नुसतं 'जंक, जंक' करत गेलं तर त्याला चांगलं पत्र कसं दिसतं तेच कळत नाही. आधी वहीत आम्हा सगळ्यांचे पत्ते घाला. जुना जंक आपोआप पुसायची एक सोय त्यात आहे, ती चालू करू नका. दादाला सांगितलंय, तो डिसेंबरात येईल तेव्हा बसवून देईल.

आता बाकीचं, जागा संपत आली. ऑपरेशनचे दादाने भरलेले पैसे मी त्याच्या खात्यात टाकलेत. अप्पा, कृपा करून परत पाठवू नका, मागच्या वेळचा खेळ पुरे. बाहेरून बोलावलेल्या नोकरदारांना इथे पाच वर्षं पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंतच्या रकमेवर कर नसतो. माझी पाच वर्षं डिसेंबरअखेर संपताहेत, तेव्हा जानेवारीपासून हातात जरा कमी येईल. घराच्या हप्त्याला धक्का लागणार नाही. माझं सगळं भागतं, नवी खुर्चीसुद्धा सेकंडहँडच आहे.

आणि त्या तीन पत्रिका मी काल वाचल्या, खरंच, शेवटपर्यंत. मुलं चांगली आहेत. पण एक जण आहे. दीड वर्ष झालं. हेगचा आहे, घरी देवघर आहे, आई, तुझ्यापेक्षा मोठं. त्याचे पूर्वज बिहारकडचे, १८७३ पासून कलकत्त्याहून मजुरांची जहाजं सुरीनामला जायची त्यातल्या एका जहाजाने गेलेले. पुढे आजी-आजोबा इकडे आले. गोत्र त्यालाही माहीत नाही, मी विचारलं होतं. फोनवर सांगणार होते, दर रविवारी. पुढच्या रविवारी त्याला शेजारी बसवते. आई, फोन जरा पंख्याकडून खाली धर. अप्पा, लगेच काही बोलू नका, आधी बघा.

चिनूला पापा. बंडूकाकांना नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. साताऱ्याच्या मुलाकडच्यांना तुम्ही "मुलीचे उत्तर आले की कळवतो" म्हणून थांबवून ठेवलंय असं दादा म्हणाला. दोन महिने झाले, बिचारे वाट बघत असतील. त्यांना आजच फोन करा.