गोव्याच्या आपत्कालीन सेवांची नोंद एकच असावी : माननीय मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, गोवा राज्य.

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

पर्यटनावर जगणाऱ्या लहान बेट-राष्ट्रांनी पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि किनारा-सुरक्षा यांना एका तांत्रिक व्यवस्थेत आणण्याचे जे प्रयत्न केले, त्यांच्याकडे गोवा सरकारने बारकाईने पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोवा बेट नाही आणि राष्ट्रही नाही. तरीही ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्र, २०११ च्या जनगणनेतील साडेचौदा लाख वस्ती आणि २०२४ या एकाच वर्षात आलेले एक कोटीहून अधिक पर्यटक हे आकडे समोर ठेवले, तर आपली अडचण उत्तर प्रदेश किंवा महाराष्ट्रापेक्षा मॉरिशसच्या अडचणीशी अधिक मिळतीजुळती आहे, हे आपल्यालाही मान्य व्हावे.

मॉरिशसचे नाव मुद्दाम घेतले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी जपतात, त्यामुळे त्या बेटावरच्या बातम्या आपण थोड्या आपुलकीने वाचतो. त्या देशाने हुआवे या चिनी कंपनीच्या तंत्रावर चार हजार कॅमेऱ्यांची ‘सेफ सिटी’ योजना उभी केली. पुढे १५ जानेवारी २०२४ रोजी ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या पावसाने राजधानी पोर्ट लुईचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा लोक सकाळी नेहमीप्रमाणे कामावर आलेले होते आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या गाड्या पाण्यात तरंगू लागल्या. शहरावर नजर ठेवणारे कॅमेरे होतेच. टीका झाली ती इशारा वेळेत न वाढवल्याबद्दल, आणि तिथल्या हवामान खात्याच्या संचालकांना पद सोडावे लागले. एकात्मिक सुरक्षा म्हणून कोणी आपल्यापुढे कॅमेऱ्यांची संख्या मांडली, तर हे उदाहरण आठवावे.

आपल्याकडे तंत्रज्ञान नाही, अशी तक्रार मी करणार नाही. ११२ हा क्रमांक आहे, २००८ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, त्याच वर्षापासून किनाऱ्यांवर कंत्राटी जीवरक्षक आहेत आणि त्यांच्या ताफ्यात २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी टेहळणीची यंत्रेही आली. पणजीत स्मार्ट सिटीचा नियंत्रण कक्ष आहे. मेरशी जंक्शनवरचे सिग्नल वाहनांची गर्दी पाहून स्वतः वेळ ठरवतात. मात्र पोलीस गृह खात्याचे, रुग्णवाहिका आरोग्य खात्याची, जीवरक्षक पर्यटन खात्याचे, होड्या बंदर कप्तानांच्या अखत्यारीत आणि फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या, अशी ही मांडणी आहे.

बागा किनाऱ्यावर बुडणाऱ्या एखाद्या माणसाला जीवरक्षकाने बाहेर काढले, असे समजू. जीवरक्षक आपल्या कक्षाला कळवतो, शॅकवाला १०८ ला फोन करतो, सोबतचा मित्र घाबरून ११२ लावतो. तीन ठिकाणी तीन नोंदी होतात आणि कुठे, काय, किती जण हे प्रश्न तीनदा विचारले जातात. नोंद एकच असेल, तर पहिला फोन येताच ती सर्वांच्या पडद्यावर उमटेल आणि दुसरा फोन तिच्यातच मिळवला जाईल. रुग्णवाहिका गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे, निघाल्याचे बांबोळीच्या अपघात विभागाला आधी कळेल आणि वाटेतल्या मेरशीच्या सिग्नललाही कळेल. तो सिग्नल जर इतका हुशार आहे, तर त्याने रुग्णवाहिकेला वाट द्यावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

या नोंदीत परवान्यांची माहितीही असली पाहिजे, आणि माझ्या मते सर्वात निकडीचे काम हेच आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. त्यांतले बहुतेक जण तिथे राबणारे कामगार होते. अरुंद वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब जागेपर्यंत पोहोचू शकले नाहीत. बांधकामाचा परवाना पंचायतीकडे, मद्याचा अबकारी खात्याकडे, अग्निसुरक्षेचा ना हरकत दाखला अग्निशमन संचालनालयाकडे, अशी प्रत्येक आस्थापनाची कागदपत्रे विखुरलेली असतात. बंब निघतो तेव्हा या इमारतीला दारे किती, तळघर आहे का, वाट किती रुंद आहे आणि दाखल्याची मुदत संपली आहे का, ही माहिती चालकाशेजारी बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातात असायला हवी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या जागेपर्यंत बंब जाऊच शकत नाही, तिचा दाखला नूतनीकरणाच्या वेळी आपोआप अडला पाहिजे. यासाठी परदेशी कंपनी लागत नाही. चार खात्यांनी आपापल्या याद्या एकमेकांना दाखवण्याची तयारी लागते, आणि ती तयारी कोणत्याही निविदेत विकत मिळत नाही.

दुसरी अडचण ठिकाण सांगण्याची आहे. देऊळवाडा किती गावांत आहे, हे आपण जाणता. रात्री भाड्याच्या दुचाकीवरून पडलेल्या हैदराबादच्या मुलाला आपण हणजुणेत आहोत की वागातोरला, हे सांगता येत नाही. आणीबाणीचा फोन लावताच मोबाइलने आपले ठिकाण स्वतः कळवावे, ही सोय युरोपात रुळली आहे आणि आपल्या ११२ लाही ती जोडता येण्यासारखी आहे. तिच्याबरोबर एक साधी गोष्टही करावी. पश्चिम ऑस्ट्रेलियात अनेक किनाऱ्यांच्या प्रवेशवाटांवर ठळक क्रमांकाचे फलक आहेत. तिथे कारण शार्कच्या भीतीचे होते, परंतु फलकावरचा क्रमांक फोनवर सांगितला की मदत नेमकी त्या वाटेने येते. केरीपासून पोळेपर्यंत असे फलक लावायला एखाद्या महोत्सवाच्या मंडपाइतकाही खर्च येऊ नये.

हे सारे केवळ पर्यटकांसाठी नाही. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे प्राण गेले. जत्रेची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, वाटा ठाऊक असतात, धोंडांची, म्हणजे देवीचे व्रत करणाऱ्या भाविकांची, गर्दी कोणत्या प्रहरी वाढते हेही ठाऊक असते. अशा ठिकाणी गर्दी मोजणारा कॅमेरा खरोखर उपयोगी पडेल, मात्र गर्दी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की वरच्या वाटेवर लोकांना थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे देवस्थान समिती आणि पोलिसांनी आधी लेखी ठरवलेले असेल तरच.

इशाऱ्यांबाबत थोडक्यात. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर मोठ्या आवाजात चाचणी संदेश वाजले होते. त्या पद्धतीत कोणाचाही क्रमांक ठाऊक असावा लागत नाही, त्यामुळे त्या परिसरातल्या पाहुण्याच्या फोनवरही संदेश पोहोचतो. कळंगुटला समुद्र खवळला, तर कळंगुटपुरता, मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि रशियन भाषांत इशारा देता यावा. अर्थात मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने वीज गेल्यावर मोबाइलचे काय होते, हे आपण पाहिले आहे. म्हणून बिनतारी संचांची वेगळी व्यवस्था मोडीत काढू नये.

राहिला खासगीपणाचा प्रश्न. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत, त्यामुळे आपल्या राज्याने स्वतःचे नियम अधिक कडक करावेत. चित्रीकरण किती दिवसांत पुसले जाईल, ते कोण पाहू शकेल आणि चेहरा ओळखण्याचे तंत्र कोणत्या परवानगीनेच वापरले जाईल, हे राजपत्रात प्रसिद्ध व्हावे. कंत्राट संपले तरी विदा राज्याकडे राहील आणि दुसऱ्या कंपनीला ती वाचता येईल अशा स्वरूपात असेल, ही अट निविदेत पहिल्या पानावर असावी, नाहीतर पुढच्या सरकारलाही त्याच कंपनीच्या दारात उभे राहावे लागेल.

माझी विनंती मर्यादित आहे. वर उल्लेखलेली खाती वेगवेगळ्या मंत्र्यांकडे आहेत आणि त्यांना एका टेबलाशी बसवू शकणारी व्यक्ती आपणच आहात. नवे काही खरेदी करण्यापूर्वी बार्देश तालुक्यात एक पर्यटन हंगाम ही एकच नोंद चालवून पाहावी, एका अधिकाऱ्यावर तिची नावानिशी जबाबदारी टाकावी, आणि फोन आल्यापासून मदत पोहोचेपर्यंत लागलेला वेळ दरमहा, गावनिहाय, विधानसभेसमोर आणि जनतेसमोर ठेवावा. बार्देशचे आकडे पाहिल्याशिवाय उर्वरित अकरा तालुक्यांसाठी निविदा काढू नये.

आपला नम्र,
एक गोमंतकीय नागरिक,
डिचोली