लढाईनंतरच्या सकाळचा देखावा : तालमीचे आवाहन

पेठेतील सर्व रहिवासी, माहेरवाशिणी, व्यापारी बंधू आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवातील सजीव देखाव्यासाठी आपल्या तालमीने एक काल्पनिक राज्य निवडले आहे. कोल्हापुरात लढाईच्या देखाव्यांना तोटा नाही. पावनखिंड तर आपल्याच मांडवात इतक्या वेळा लढवली गेली आहे की, बाजीप्रभूंची भूमिका केलेले चार जण आज कार्यकारिणीत बसतात. या वर्षी मात्र पडदा उघडेल तो लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कोण जिंकले हे देखाव्यात सांगितलेले नाही आणि त्या राज्याला नावही मुद्दामच दिलेले नाही, कारण नाव दिले की पाहणारा आपला पक्ष शोधू लागतो. समोर दिसतील ती जळालेली शिवारे, बुजवलेली विहीर, शत्रूने मीठ पेरलेली काळी जमीन आणि हे सारे पुन्हा नांदते करण्यासाठी गावोगाव फिरणारी एक धर्मादाय संस्था.

संस्था कल्पनेतील असली तरी तिचे नियम आम्ही हवेत रचलेले नाहीत. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात, ज्याच्याजवळ बैल नाही त्याला बैलासाठी पैका द्यावा, खावयास नाही त्याला दाणे द्यावेत आणि ही रक्कम त्याला शक्ती येईल तसतशी, वाढीदिढी न लावता, मुद्दलापुरतीच वसूल करावी, अशी ताकीद आहे. आमच्या संस्थेची वही याच नियमाने चालते. मीठ पेरलेल्या रानात तिचे लोक आधी चर खणून पाण्याचा निचरा करतात, मग धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरतात आणि ते फुलोऱ्यात येताच जमिनीत गाडतात; क्षारपड जमिनीशी झगडणाऱ्या शिरोळ तालुक्यातील पाहुण्यांना यात नवल वाटणार नाही.

शेतात पुरून ठेवलेले शाप हुडकण्याचे काम बाप्पाच्या मूषकांकडे दिले आहे. ही थट्टा वाटली तरी तिला आधार आहे. कंबोडियात जमिनीत राहिलेले भूसुरुंग वासावरून शोधण्यासाठी आफ्रिकेतील मोठ्या जातीचे उंदीर शिकवून तयार केलेले असतात. त्यांचे वजन इतके कमी असते की सुरुंग त्यांच्याखाली फुटत नाही. त्यांपैकी मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याचे सुवर्णपदक मिळाले होते.

शेवटचा प्रवेश निर्वासितांच्या छावणीचा आहे आणि तो तर आपल्या उंबऱ्याजवळच घडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेले आणि पुढे इराणमार्गे भारतात पोहोचलेले सुमारे ५,००० पोलिश नागरिक, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे वसली आणि आज आपण सणाचे कापड आणायला ज्या गांधीनगरात जातो, ते उभे राहिले. घरातील वडीलधाऱ्यांकडे या छावणीच्या आठवणी असतील तर त्या आम्हांस अवश्य सांगाव्यात. संवाद अजून पुरते लिहून झालेले नाहीत.

यासाठी मदत हवी आहे. डॉल्बीचा खर्च यंदा पूर्णपणे वगळला आहे (तरुण सभासदांची नाराजी बैठकीत ऐकून घेतली आहे), तरीही फिरता रंगमंच, प्रकाशयोजना आणि पावसासाठी ताडपत्री यांचा भार नेहमीच्या वर्गणीत बसत नाही. उद्यमनगरातील कारखानदारांनी रंगमंचाचा लोखंडी सांगाडा आणि जुने बेअरिंग दिल्यास मोठा खर्च वाचेल. जुनी लुगडी, घोंगडी, मोडकी औते आणि बैलगाडीची चाके चालतील. पाचट मात्र सांगितल्याशिवाय आणू नये, कारण ते चटकन पेट घेते आणि साठवायला आमच्याकडे आडोसा नाही. निर्वासितांच्या प्रवेशासाठी प्रौढ महिलांची आणि मूषकांसाठी चपळ मुलांची गरज आहे; देखाव्याचा सराव रोज रात्री आठनंतर होईल आणि मुलांना साडेनऊला घरी पोहोचवले जाईल.

देखाव्यासमोर एक वेगळी पेटी असेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठची पिके कित्येक दिवस पाण्याखाली राहून कुजली, हे आपण पाहिले आहे. त्यामुळे पेटीतील रक्कम देखाव्यावर खर्च न करता, पुरात खरीप गमावलेल्या अल्पभूधारकांना रब्बीसाठी शाळू आणि हरभऱ्याचे प्रमाणित बियाणे देण्यास वापरली जाईल. घरच्या डब्यातील धान्य कृपया पेटीजवळ ठेवू नये. भावना कितीही चांगली असली तरी तसे धान्य नीट उगवेलच याची खात्री नसते आणि वाया गेलेली पेरणी गरिबाला परवडत नाही. बियाणेच द्यायचे असल्यास सीलबंद पिशवी पावतीसह द्यावी. यंदा पूर न आल्यास ही रक्कम पुढील वर्षासाठी बँकेत स्वतंत्र खात्यावर राहील.

वर्गणी आणि वस्तू तालमीच्या कार्यालयात रोज सायंकाळी सात ते नऊ या वेळेत स्वीकारल्या जातील. प्रत्येक रकमेची पावती मागून घ्यावी. पावतीशिवाय कोणासही पैसे देऊ नयेत, मग तो कार्यकर्ता ओळखीचा का असेना. देखावा घरगुती गणपतींच्या विसर्जनानंतर अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंत सादर होईल आणि जमाखर्च दसऱ्यापूर्वी तालमीच्या फलकावर लावला जाईल.

आपले नम्र,
अध्यक्ष व कार्यकारिणी