वायएमसीएतल्या आमच्या सरांना

आदरणीय सर,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

बदली होऊन कुटुंबापासून लांब एकट्याने राहायची वेळ आली, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. काम आणि खोली, याखेरीज दिवसात काही उरलं नव्हतं. वायएमसीएत, म्हणजे ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ या ख्रिस्ती संस्थेत, मी नुसता चौकशीला आलो होतो. तुम्ही माझं फक्त नाव विचारलंत, धर्म विचारला नाहीत, आणि सरळ व्हॉलीबॉलच्या कोर्टावर नेलंत. मी म्हणालो, आता या वयात कुठे! त्यावर तुम्ही माझी समजूत घालत बसला नाहीत. हा खेळ कोणासाठी जन्माला आला, ते सांगितलंत.

१८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ बसवला, तोच मुळी बास्केटबॉलची दमछाक न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठी. मध्ये जाळी, म्हणून धक्काबुक्की नाही. तीही त्या वेळी जेमतेम साडेसहा फूट उंच. माझ्यासारख्याचा विचार कोणीतरी इतक्या आधी करून ठेवला होता, हे ऐकल्यावर मागे फिरावंसं वाटलं नाही.

पुढे खेळ संपल्यावर तुम्ही बरंच सांगत गेलात. जवळच्याच स्प्रिंगफील्डमधल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल सुरू केला, ही गोष्ट मला ऐकून माहीत होती. पण चेंडू घेऊन पळायची मनाई का, हे तुमच्याकडून कळलं. पळणाऱ्याला अडवायला लोक त्याच्या अंगावर झेपावतात. पळणंच बंद केलं की झेपावण्याचं कारण उरत नाही. कोणाला इजा होऊ नये ही काळजी थेट नियमात उतरलेली. मला तर या माणसांचा धर्म तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

वायएमसीएच्या सुरुवातीला मात्र खेळ नव्हताच. ६ जून १८४४ रोजी लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडदुकानातल्या तरुण नोकराने अकरा सोबत्यांसह ही संस्था स्थापली, ती बायबल वाचायला आणि प्रार्थनेला. गावाकडून आलेली ही पोरं दिवसभर दुकानात राबायची आणि राहायचीही मालकाच्याच जागेत. शहरात त्यांना आपलं म्हणावं असं ठिकाण हवं होतं. व्यायामशाळा नंतर आल्या, आणि शरीर, मन, आत्मा या तिन्हींची वाढ एकत्रच व्हायला हवी, हे स्प्रिंगफील्डच्या त्याच शाळेतल्या ल्यूथर गुलिक यांनी संस्थेच्या चिन्हातल्या त्रिकोणातून मांडलं. आपल्याकडे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघासोबत तेच गेले, हे सांगताना तुमचा आवाज किती खुलतो!

मी ख्रिस्ती नाही. तुमची श्रद्धा तुम्ही कधी लपवली नाहीत आणि माझ्यावर कधी लादलीही नाहीत. एखाद्याला सर्व्हिस जमत नसेल तर त्याला संघाबाहेर बसवायचं नाही, एक पाऊल पुढे येऊन मारू द्यायचं, हा तुमचा नियम कुठल्या पुस्तकात नसेल. पण नायस्मिथ यांना तो पटला असता, असं मला खात्रीने वाटतं.

घरापासून लांबची ती वर्षं मला जड गेली नाहीत, ती तुमच्यामुळे. नव्याने येणारी मुलं हल्ली तुम्ही माझ्या ओळीत उभी करता, हा मान मोठा आहे आणि मी तो मनापासून सांभाळतो. त्यांना या गोष्टी सांगायला जातो, तेव्हा तपशील अपुरे पडतात. म्हणून एक मागणं आहे, सर: हे सगळं एका वहीत लिहून काढा. वही मी आणून देतो, आणि लिहायचा कंटाळा असेल तर तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.

तुमचा,
मागच्या ओळीतला खेळाडू