म्हातारपणी भाड्याने घर मिळेल का हो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहर वाढतंय याच्या बातम्या आपल्या पेपरात रोज येतात, नवे रस्ते, नवे टॉवर, परवडणाऱ्या घरांच्या नव्या स्कीम, आणि त्या वाचताना दरवेळी मला एकच प्रश्न पडतो की या सगळ्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने राहायचं कुठे? परवडणारं घर म्हटलं की पहिला विषय निघतो हप्त्याचा. हप्ता म्हणजे कर्ज, आणि कर्ज कोणाला मिळतं तर ज्याचा पगार पुढची पंधरा-वीस वर्षं चालू राहणार आहे त्याला. अडुसष्ट वर्षांच्या बाईला कुठली बँक वीस वर्षांचं कर्ज देणार? मग स्कीम कितीही स्वस्त असू दे, तिला तिचा काडीचा उपयोग नाही.

राहता राहिलं भाड्याचं घर. माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, एकट्याच असतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली औषधं आणायला उतरल्या की वर जाताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी पायरीवर ठेवून कठडा धरून उभ्या राहतात, दम ओसरला की पुढे. आता ती बिल्डिंग पाडून नवीन उभी राहणार आहे, काकू भाडेकरू त्यामुळे नव्या बिल्डिंगमध्ये त्यांना जागा नाही. घर शोधायला लागल्या तर फोनवर सगळं ठरतं, भाडं मान्य, डिपॉझिट मान्य, आणि वय कळलं की समोरचा विचारतो, एकट्याच राहणार का, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? मग "कळवतो" म्हणतात आणि कोणी कळवत नाही. आयुष्यभर वेळेवर भाडं भरलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं याचा मला खरंच फार राग येतो.

त्यांना परवडेल असं घर मिळतं ते शहराच्या पार टोकाला. तिथून डॉक्टर लांब, बँक लांब, आणि संध्याकाळी ज्यांच्याशी चार शब्द बोलायचे ती माणसं तर सगळी मागेच राहिली. भाड्यात जे वाचतं ते येण्याजाण्यात जातं. स्वस्त घर म्हणताना हा खर्च कोणी धरतच नाही.

यावर लोक पटकन म्हणतात, वृद्धाश्रम आहेत ना. ज्यांना देखभालीची गरज आहे त्यांच्यासाठी ते ठीकच आहे, पण काकूंना देखभाल नकोय, त्यांना घर हवंय, स्वतःची कडी आतून लावता येईल असं.

दुसरीकडे हे जमलेलं आहे. सिंगापूरमध्ये ५५ च्या पुढच्या लोकांना सरकारी छोटे फ्लॅट १५ ते ४५ वर्षांच्या लीजवर घेता येतात, मुख्य अट अशी की लीज नवरा-बायको दोघं किमान ९५ वर्षांचे होईपर्यंत पुरली पाहिजे, म्हणजे जेवढी वर्षं राहायचं तेवढ्याचेच पैसे. अमेरिकेत १९५९ पासून सेक्शन २०२ नावाची योजना आहे, त्यात कमी उत्पन्न असलेल्या ६२ वर्षांपुढच्या माणसाचं भाडं साधारण त्याच्या उत्पन्नाच्या ३० टक्के धरतात. व्हिएन्नात तर निम्म्याच्या आसपास लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, तिथे भाड्याने राहणं म्हणजे कमीपणा असं कोणी मानत नाही.

आणि घर बांधतानाच थोडा विचार केला तर खर्चही फार वाढत नाही. व्हीलचेअर जायला दार तीन फुटांचं लागतं, बाथरूमला उंबरा नको, कमोडशेजारच्या भिंतीत दांडा बसवता आला पाहिजे आणि तो माणसाचं वजन पेलेल इतकी ती भिंत पक्की हवी. एक फूट चढायचं असेल तर रॅम्प बारा फूट लांब लागतो, नंतर आठवण झाली तर तेवढी जागाच उरलेली नसते, मग कुठेतरी घसरगुंडीसारखा उतार करून ठेवतात ज्यावरून धडधाकट माणूससुद्धा पडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात वर्षाला साधारण ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त. त्याच संघटनेचा अंदाज आहे की २०३० पर्यंत जगात दर सहा माणसांत एक जण साठीचा किंवा त्यापुढचा असेल. आज जी बिल्डिंग उभी राहतेय तिच्यातले लोकही उद्या म्हातारे होणारच आहेत ना.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मोठ्या नव्या प्रोजेक्टमध्ये आणि जुन्या बिल्डिंगच्या पुनर्विकासात काही छोटी घरं ज्येष्ठांसाठी भाड्याने राखून ठेवायची सक्ती करा, ती त्याच वस्तीत असू देत, तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या जवळ, आणि भाडं उत्पन्नाच्या हिशोबाने ठरवा. जे आधीपासून तिथे भाड्याने राहतायत त्यांना पहिला हक्क द्या. आपल्या पेपरच्या प्रतिनिधींनी महापालिकेला विचारावं की गेल्या काही वर्षांत मंजूर केलेल्या घरांपैकी अशी किती आहेत, आणि जे उत्तर मिळेल ते पहिल्या पानावर छापावं ही विनंती.

कळावे,
आपल्या पेपरची एक नियमित वाचक