कमी स्पीकर लावलेत, त्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार, दादा.

पाऊस ओसरला, जत्रांचा हंगाम तोंडावर आला आणि आपल्या जुन्या नाट्यगृहातली नवी ध्वनियंत्रणा पहिला पावसाळा काढून उठली. कनेक्टरवर बुरशी नाही, स्पीकरमध्ये गुणगुण नाही. आता आभार मानायला हरकत नाही. तुम्ही जे लावलंत त्याचे आहेतच, पण जे लावू दिलं नाहीत त्याचे जास्त.

तुमच्याआधी यंत्रणा सुचवायला आलेले सगळे स्पीकरच्या पेट्या मोजत आले होते: दोन्ही बाजूंना टांगलेले लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक लटकवलेल्या पेट्यांची माळ) आणि खाली खर्जाचे चार सबवूफर. तुम्ही आलात ते खिशात फुगे घेऊन. रिकाम्या सभागृहात रंगमंचावर फुगा फोडलात, घुमारा विरायला १.९ सेकंद लागले. २० मीटर लांब, १२ रुंद, ७ उंच, म्हणजे १,६८० घनमीटर हवा. भोवती गिलावा केलेला चिरा, म्हणजे जांभा दगड, खाली फरशी, लाकडी खुर्च्या. हेच सभागृह साडेतीनशे माणसांनी भरलं की घुमारा सेकंदाच्या आसपास येतो, कारण माणूस आणि त्याचे कपडे यांच्याइतका आवाज इथलं दुसरं काही पीत नाही. संगीत नाटकाला याहून चांगलं काय हवं! १८८० च्या सुमाराला नट पदं गाऊ लागले ते विनामाइकच, आणि गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा हीच अशा वास्तूंची जुनी गरज होती.

दोष होता तो मागच्या भिंतीत. आवाज २० मीटर जाऊन परत येतो, ४० मीटरला साधारण ११५ मिलिसेकंद. ५० च्या पुढे गेलं की कान त्याला वेगळा प्रतिध्वनी धरतो. नटाला आपलंच वाक्य मागाहून ऐकू येतं आणि तो अडखळतो. हे आवाज वाढवून सुटत नाही, उलट प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. म्हणून त्या भिंतीवर ५० मिलिमीटर जाडीच्या काथ्याच्या मॅट बसल्या, मागे तेवढीच पोकळी, आणि मॅट आगरोधक द्रावणातून काढून वाळवलेल्या. मखमली पडदा सुचवणाऱ्यांनी कोकणातला जुलै पाहिलेला नसावा.

एकूण आठ स्पीकर. रंगमंचाच्या कमानीच्या दोन बाजूंना बारा इंची दोन मुख्य, रंगमंचाच्या काठाला चार लहान, आणि सज्जाखाली दोन. सज्जाखाली मुख्य स्पीकरचा आवाज दबतो, म्हणून ते दोन. पण तारेतून त्यांना सिग्नल तत्क्षणी मिळतो आणि मुख्य आवाज हवेतून १४ मीटर चालत येतो. ३० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४९ मीटर, म्हणजे ४० मिलिसेकंद उशीर. तेवढाच उशीर सज्जाखालच्या जोडीला मुद्दाम दिलात, वर आणखी १२ घातलेत. जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेला कान मानतो, त्यामुळे मागे बसलेल्याला नट रंगमंचावरूनच बोलतोय असं वाटतं, डोक्यावरची पेटी लक्षातही येत नाही. पौषातल्या गारव्यात हा आकडा बदलावा का, असं विचारलं होतं. फरक जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा, हात लावू नका, म्हणालात.

चिऱ्यात साधा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, धरत नाही. दगड सच्छिद्र, आवळत जावं तसा भुगा होतो आणि पावसाळ्यात भोक सैल पडतं. दीड फुटी भिंतीतून आरपार बोल्ट, बाहेरून सहा इंची पट्टी, प्रत्येक पेटीला वेगळी पोलादी दोरी. सगळं ३१६ दर्जाचं स्टेनलेस, कारण खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरही तांबूस डाग चढतात.

पण खरं काम दिसत नाही तिथे झालं. जुन्या यंत्रणेची झर्रर्र विजेच्या नेहमीच्या पन्नास हर्ट्झच्या घूंपेक्षा कर्कश होती. म्हणजे डिमरची, दिवे मंद करणाऱ्या यंत्राची. डिमर विजेची लाट मध्येच कापतो, आणि माइकच्या तारा त्याच्या तारांना चिकटून त्याच नळीतून धावत होत्या. जुना इलाज काय, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची जाड पिन मोडायची! झर्रर्र जाते खरी, पण उघड्या पायांनी ओल्या फळ्यांवर उभा असलेला नट लोखंडी जाळीच्या माइकला हात लावतो आणि गळतीची वीज त्याच्यातून जमिनीत जायला मोकळी होते. मोडलेली ती पिन तुम्ही टेबलावर ठेवलीत आणि कोणाला दोष न देता नवा प्लग लावलात.

मग मुख्य पॅनेलपासून ध्वनीला वेगळी लाइन. माइकच्या तारा डिमरच्या तारांपासून फूटभर दूर. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. तारा संतुलित जोडीच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांत सारखा शिरून वजा होतो; शील्ड, त्यांच्यावरची धातूची जाळी, एकाच टोकाला जोडलेली. तरी गुणगुण राहिली तिथे दोन यंत्रांमधला थेट तारेचा संबंध तोडणारा एकास एक ट्रान्सफॉर्मर. अर्थ सगळे एकाच तांब्याच्या पट्टीवर. अर्थच्या रोधाचं मोजमाप मात्र मेमध्ये घ्यायचं, कारण तेव्हा जांभा कोरडाठाक असतो. जुलैतलं मोजमाप खोटा दिलासा देतं. मुख्य स्पीकरकडे २५ मीटरची तार ४ चौरस मिलिमीटरची. १ ची टाकली असती तर जाऊन-येऊन ०.८६ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरला जवळपास १ डेसिबल फुकट.

माइकबाबत तुमचा हट्ट सर्वांनाच खटकला होता. रंगमंचाच्या काठावर तीनच सपाट माइक, खाली फोम, १०० हर्ट्झखालचं सगळं कापलेलं, नाहीतर दशावतारातला प्रत्येक पायताल धाडधाड येतो. उघडे माइक दुप्पट केले की स्पीकरचा आवाज माइकात परतून शिट्टी यायला ३ डेसिबल आधीच सुरुवात होते. हार्मोनियमला एक, पखवाजाला एक, झांजेला मुळीच नाही: ती उरलेल्या सगळ्या माइकांत तशीही शिरते.

आणि ती चाचणी! ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ ऐकून काही कळत नाही, म्हणून तुम्ही गाऱ्हाणं घालायला लावलंत. रंगमंचावर ‘बा देवा म्हाराजा’, आणि शेवटच्या रांगेत खांबामागे एकजण पाठ करून बसलेला, ऐकू येईल ते लिहीत. पहिल्या दिवशी ‘व्हय म्हाराजा’तला ‘व्ह’ कागदावर आलाच नाही. तुम्ही आवाज वाढवला नाहीत. सज्जाखालच्या जोडीत ३०० हर्ट्झच्या आसपासचा फुगीरपणा ४ डेसिबलनी उतरवलात, आणि ‘व्ह’ आला.

तुम्ही लिहून दिलेलं पान लॅमिनेट करून रॅकच्या दारात लावलं आहे. जून ते सप्टेंबर पंधरवड्यातून एकदा तासभर यंत्रणा चालवायची. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर तापवून वाळवायचं. उंदरांसाठी लोखंडी लवचीक नळी, विजा चमकण्याच्या दिवसांत प्लग काढून ठेवायचे. धो धो पाऊस कौलांवर बडवत असेल तर त्याच्याशी शर्यत लावायची नाही; दहा मिनिटं थांबायचं, मंडळी चहा घेतील.

पहिल्या नाटकाला या. खांबामागची ती शेवटची खुर्ची तुमच्यासाठी ठेवली आहे.

आपले,
नाट्यगृह देखभाल समितीचे सर्वजण