सावंतवाडीची कला बांद्याच्या पुढे का जाऊ नये?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हातात कला असेल तर नोकरीची वाट बघू नका, ऑनलाइन विक्री करा, असं आम्हा तरुणांना प्रत्येक मेळाव्यात सांगतात. मी तेच करते, म्हणून हे पत्र.

मी सावंतवाडीत घरीच गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, रंगवते. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 गोल पानं असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंत. चिंचोक्याच्या खळीने कागद जाड करायचा, घोटायचा, रंगवायचा, मग लाखेचा हात द्यायचा. मत्स्याच्या दश्श्यावर दहा मासे दहाही सारखे यावे लागतात. घाई केली की पान फुकट जातं. एवढा संच घेणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, म्हणून तीच नक्षी मी लाकडी कोस्टरवर आणि डब्यांवर काढते. घर त्यावर चालतं.

ही कला विझत आली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती जगवली. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता अडचण विक्रीच्या नियमाची आहे.

1 ऑक्टोबर 2023 पासून वर्षाला 40 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता मोठ्या ऑनलाइन बाजारांत वस्तू विकता येतात. पॅन द्यायचं आणि नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. निर्णय चांगलाच आहे, माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यामुळेच तिथे पोचल्या. पण अट अशी की माल राज्याबाहेर जाता कामा नये. म्हणजे माझी डबी नागपूरला, गोंदियाला खुशाल जाते, पण गोव्याच्या सीमेवरचं बांदा ओलांडून पणजीला जात नाही. आंबोली घाट चढून बेळगावलाही नाही. आमचे निम्मे नातेवाईक गोव्यात, आमच्या मुलांच्या नोकऱ्या गोव्यात, पर्यटक गोव्यात, आणि नेमकं तेच गिऱ्हाईक आम्हाला बंद.

खरं तर हस्तकलेच्या वस्तू कारागिराने स्वतः थेट परराज्यात विकल्या, तर 20 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. त्या वस्तूंची सरकारी यादीही आहे. तिच्यात गंजिफा आहे, सावंतवाडीची लाकडी खेळणी तर गावाच्या नावासकट आहेत. मग तीच वस्तू त्याच गिऱ्हाइकाला ऑनलाइन बाजारातून गेली, तर सवलत का संपते? अनोळखी माणूस माझ्या खात्यावर आगाऊ पैसे भरायला कचरतो. ऑनलाइन बाजारात वस्तू परत करायची सोय असते म्हणून तो निर्धास्त घेतो. नवं गिऱ्हाईक मिळतं ते तिथेच.

‘मग नोंदणी करून टाक’, असं बरेच जण सुचवतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत हे खरं, पण ती केली की पहिल्या रुपयापासून कर आला. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, उशीर झाला तर विलंब शुल्क, शिवाय हिशेब बघणाऱ्याची फी वेगळी. भर पावसात आमच्याकडे लाख वाळत नाही आणि ऑर्डरीही थंडावतात, त्या महिन्यांत हा खर्च कुठून काढायचा? छोट्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची कंपोझिशन योजना आहे, पण तिच्यातही परराज्यात माल विकता येत नाही.

करमाफीचं नवं दार उघडा, असं माझं म्हणणं नाही. यादी तयार आहे, 20 लाखांची मर्यादा ठरलेली आहे. थेट विक्रीला दिलेली तीच सवलत त्याच यादीतल्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारातल्या विक्रीलाही द्यावी, एवढीच मागणी आहे. हा निर्णय जीएसटी परिषदेत होऊ शकतो आणि तिथे महाराष्ट्राचा प्रतिनिधी असतो. सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी त्यांच्याकडे हा विषय लेखी मांडावा आणि काय उत्तर आलं ते आम्हाला कळवावं. आपल्या वृत्तपत्राने त्याचा पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक गंजिफा चित्रकार, सावंतवाडी
(नाव व पत्ता संपादकांकडे)